ओल्या फरशीपलीकडचं लायसन

आकाराम मोरीत डोक्यावर पाणी ओतत असताना त्याचा फोन वाजला आणि तो त्याच्या बायकोनं, तानाबाईनं उचलला. सगळं रामायण इथूनच सुरू झालं.

"कुणाचा गं फोन?" त्यानं आतनंच ओरडून विचारलं.

"इम्याच्या सायबांचा. आज चारला घरला येणार हायत. चालू काम दावा म्हणालं, मगच कागद करणार."

आकाराम तांब्या हातात धरून तसाच ओलाचिंब उभा राहिला. चालू काम आणायचं कुठनं? जुनं काम गेल्याच आठवड्यात संपलं होतं. नवं मिळायचं होतं, आणि ते मिळावं म्हणून तर विमा हवा होता. विम्याशिवाय काम नाही आणि कामाशिवाय विमा नाही, असा हा झकास तिढा होता.

काम होतं शिरोली एमआयडीसीतलं. जयपालशेठच्या कारखान्याच्या नव्या ऑफिसची फरशी. शेठच्या काळात "आकाराम, सोमवारी ये रे" एवढं म्हटलं की करार झाला. पण आता कारभार लेकीच्या, आदितीताईंच्या हातात आला होता. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, "काका, ठेकेदाराचं लायसन पाहिजे, मजुरांचा विमा पाहिजे आणि तिऱ्हाइताचा पण पाहिजे."

"तिऱ्हाइताचा कशाला ताई?"

"कुणी तुमच्या फरशीवरनं घसरून पडलं तर?"

"माझ्या फरशीवरनं? अवो, आजवर कोण पडलं न्हाय की!" आकारामला हे फार लागलं होतं.

पण ताई बधल्या नाहीत. आज सहाला फाईल बंद, कागद नसतील तर काम पुण्याच्या पार्टीला. उभा जन्म त्यानं दुसऱ्यांच्या हाताखाली फरश्या बसवल्या. काम याचं, पाटीवर नाव भलत्याचंच. या वेळी गेटवर त्याच्या नावाची पाटी लागणार होती, आणि त्यानं ही गोष्ट सगळ्या तालमीत सांगूनही टाकली होती. आता माघार घ्यायची म्हणजे तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

"आता कुणाच्या दारात जाऊन काम मागू?" अंग न पुसताच तो घरभर येरझाऱ्या घालू लागला.

"कुणाच्या दारात कशाला?" तानाबाई शांतपणे भाकरी थापत म्हणाली. "आपलं घर हाय की. ह्ये बी कामच."

आकाराम थबकला. त्यानं खाली पाहिलं. पायाखाली कोबा होता, लग्नाच्या वेळचा, जागोजागी फुटलेला, पोपडे धरलेला. लोकांच्या गोठ्यातसुद्धा टाईल्स घातलेल्या या बाप्याला स्वतःच्या घराकडं बघायला सवड झाली नव्हती. तानाबाई म्हणायची, तो "पुढच्या म्हैन्यात" म्हणायचा. असे पुढचे महिने किती गेले याची गणती तिनंही सोडून दिली होती.

पण आज आकारामला दम कुठला! दोन गडी बोलावले, गच्चीवर साठवलेल्या उरल्यासुरल्या टाईल्स उतरवल्या, आणि सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, धडाक्यानं काम सुरू झालं. तानाबाई म्हणाली, "मी सैपाकघरातच हाय, तुमी घाला बिनघोर." स्वयंपाकघराच्या दारापासून मागं सरकत सरकत, पातळी बघायला पाणसळ लावत, रबरी हातोड्यानं ठोकत, आकाराम रस्त्याकडच्या उंबऱ्यापर्यंत आला. शेवटची टाईल बसवून त्यानं कंबर सरळ केली. गडी पाणी पिऊन गेले. काम मात्र झालं होतं फक्कड. रंग तीन प्रकारचे होते, पण नक्षी मुद्दाम केल्यासारखी दिसत होती.

एवढ्यात मोटारसायकल थांबली. विम्याचा अभिनंदन उतरला. तरणा पोरगा, हसतमुख, हातात बॅग.

"वा काका! घरी काम काढलंय व्हय?"

"चालू काम हाय सायेब. बगा, नीट बगा."

"भारीच की. बरं, तुमचं मूळ लायसन दाखवा, फोटो काढतो आणि पॉलिसी सोडतो. लायसन न बघता आम्हाला पुढं जाता येत नाही."

"आत्ता देतो," म्हणून आकारामनं पाऊल उचललं आणि ते हवेतच राहिलं.

लायसन स्वयंपाकघरात होतं. कामगार ऑफिसात खेटे घालून मिळवलेलं ते लायसन त्यानं देवापुढं ठेवून हळदकुंकू वाहिलं होतं, मग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून लोखंडी पेटीत कुलूपबंद केलं होतं. किल्ली त्याच्या करदोड्याला. आणि पेटी आणि त्याच्यामध्ये पसरली होती त्यानंच घातलेली अख्खी ओली फरशी.

"अगं ए! पेटीतलं लायसन काढ!"

"किल्ली तुमच्या कमरंला हाय न्हवं?"

आकारामनं सदरा वर करून करदोड्याची किल्ली सोडली आणि नेम धरून फेकली. किल्ली टण्णकन दाराच्या चौकटीवर आपटली आणि फरशीच्या मधोमध येऊन पडली.

"काका, मागं खिडकी नाही का? तिकडनं दिली असती," अभिनंदन म्हणाला.

"हाय की, बोळात," आकाराम म्हणाला आणि त्यानं स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

मग त्यानं बांबू आणला, त्याला तार बांधली आणि उंबऱ्यावर पालथा पडून किल्ली ओढू लागला. बांबू डुलला तशी तानाबाई आतनं किंचाळली, "टाईल हलवू नगासा!" गल्लीतली माणसं जमली. एकजण म्हणाला बांबू आखूड हाय, दुसरा म्हणाला तार वाकडी हाय. तिसऱ्यानं विचारलं, "कुणाचं काय मेलंय काय आत?" आणि तेवढ्यात आदितीताईंचा फोन आला.

"काका, पॉलिसी आली नाही अजून. मी निघतेय थोड्या वेळात."

"आलीच ताई! वाटंत हाय!"

"काका, सरळ चालत जा की," अभिनंदन कळवळून म्हणाला. "चार पावलं तर हायत."

"ओल्या फरशीवर?" आकाराम असा बघू लागला, जणू पोरगा देवळात थुंकला. ओल्या फरशीवर पाय टाकणाऱ्या मालकांना, त्यांच्या पाहुण्यांना, एकदा तर साक्षात नवरदेवाला त्यानं शिव्या हासडल्या होत्या. पण पाटी डोळ्यांपुढं आली. तालीम डोळ्यांपुढं आली. त्यानं डोळे मिटले आणि चप्पल काढली.

"पाय टाकून तर बगा!" तानाबाई दारात आडवी उभी राहिली. हातात वरवंटा होता. "इतकी वरसं मी ह्या फुटक्या कोब्यावर पाय सोलून घेतलं. आज कुठं फरशी बगितली. तुमच्या लायसनापायी ती मोडू द्यायची न्हाय मला!"

आकारामला एकदम कसंतरी वाटलं. तो उचललेलं पाऊल मागं घेऊन उंबऱ्याबाहेर आला.

मग आतनं दणादण आवाज येऊ लागले. वरवंट्याच्या चौथ्या दणक्याला कुलूप तुटलं. तानाबाईनं लायसन बोळातल्या खिडकीच्या गजांतून बाहेर सरकवलं, आकारामनं धावत जाऊन ते आणलं, अभिनंदननं कुंकवाच्या बोटांसकट त्याचा फोटो काढला आणि पॉलिसी मोबाईलवरनं आदितीताईंकडं गेली. पाच मिनिटांत उत्तर आलं, "मिळाली काका. सोमवारी या."

आकाराम मटकन उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

अभिनंदन बॅग आवरत म्हणाला, "पण काका, आजच्याच दिवशी एवढी घाई करून फरशीचं काम कशाला काढलं?"

"म्हंजे? तुमीच म्हणला की, चालू काम दावा म्हणून."

"मी? मी म्हटलं जुन्या कामाचे दोन-तीन फोटो चालतील. सही घ्यायला मी चारला येतो. सकाळी काकूंनाच सांगितलं की फोनवर."

आकारामनं हळूहळू मान वळवली. पलीकडं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तानाबाई पाय मुडपून बसली होती आणि फरशीकडं बघत होती. नजर काही केल्या वर येत नव्हती.

त्याला तिच्यावर ओरडायचं होतं. तोंडापर्यंत शब्द आलेही. पण सोप्यात तिरपं ऊन आलं होतं, तीन रंगांची फरशी लखलखत होती, आणि बाईच्या चेहऱ्यावर असं काही होतं की ते शब्द त्यानं गिळून टाकले.

"झालीया का मनासारखी?" त्यानं विचारलं.

"झालीया की," तानाबाई म्हणाली. मग मान जरा वाकडी करून तिनं एक डोळा मिटला. "पर त्या मधल्या वळीतली एक टाईल वाईच वर आलीया बगा."

आकाराम ताडकन उठला. वाकून बघितलं, आडवा होऊन बघितलं. खरंच आली होती. केसभर, पण आली होती. आणि उद्या सकाळपर्यंत तिथं पाय टाकायची सोय नव्हती.

"जावा आता," तानाबाई म्हणाली, "खिडकीशी या. भाकरी देती."