परातीतलं पत्र

पाकिटावरचं तिकीट सुटवावं तर ते नंदकुमारनंच! हे दुसरं कोणी म्हणत नसे, नंदकुमारच म्हणे, आणि दिवसातून चारदा म्हणे. "मी तिकीट असं काढतो, की पाकिटाला पत्ता लागत नाही!"

त्या वर्षी देशात संस्थानं एकामागून एक विलीन होत होती. बाकीच्या लोकांना आनंद झाला होता, नंदकुमारला घाई झाली होती. होळकरांची तिकिटं आज ना उद्या बंद, शिंद्यांची बंद, आणि निजामाकडे तर फौजच घुसलेली! मिळतील तेवढी आत्ताच मिळवायला हवीत. म्हणून तहसील कचेरीतला हा कारकून आणि बुधवारा पेठेतला त्याचा कापडवाला दोस्त सुरेश या दोघांनी मिळून 'तिकीट छंदी मंडळ' काढलं होतं. अध्यक्ष नंदकुमार, चिटणीस सुरेश. सभासद शोधणं चालू होतं.

दिवाळी आली तशी अध्यक्षांना एक कल्पना सुचली. आपल्या भागातली जी पोरं घर सोडून फौजेत आहेत, त्यांना मंडळातर्फे दिवाळीच्या शुभेच्छा आणि आभाराचं कार्ड पाठवायचं! सोबत कोणाला फराळ द्यायचा असेल तर तोही मंडळ नीट बांधून धाडेल. कल्पना खरंच चांगली होती, आणि नंदकुमारला त्या पोरांबद्दल मनापासून वाटतही होतं. पण त्या पोरांची पत्रं आपल्याकडे येतील आणि पत्रांवर तिकिटं असतील, हेही त्याला वाटून गेलं होतं. माणूस आहे, चालायचंच!

धनत्रयोदशीच्या सकाळी जवळच्या निंबोला गावाहून गोदाबाई आली. एका हातात फराळाचा डबा, दुसऱ्या हातात पाकीट.

"भाऊ, माह्या पोराचं पत्र आलं. उखर्डूचं. निजामाच्या मुलखात हाये थो. लढाई झाली तवापासून हे पह्यलंच पत्र. याच्यातून पत्ता उतरून घ्या अन् हा डबा धाडा. म्या बजारात जाऊन येतो."

नंदकुमारनं पाकीट पाहिलं आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. वर चक्क निजामाचं तिकीट! निजामाच्या राज्याबाहेर जे चालतच नाही, ते पोरानं बिनधास्त चिकटवलेलं, आणि पत्र तरी येऊन पोचलेलं!

"मावशी, हे तिकीट मी घेतलं तर चालेल का?"

"घ्या ना बापा! मले काय कपाळाले लावाचं हाये?"

ती गेली. आता शहाण्या माणसानं आधी पत्ता उतरवून घेतला असता. आपल्या अध्यक्षांनी आधी पत्र काढून टेबलावर ठेवलं, आणि तिकीट भिजवायला परातीत पाणी भरावं म्हणून ते मोरीत गेले. तेवढ्यात त्यांची बायको कमल आवरायला आली. पत्र एकीकडे, पाकीट एकीकडे! ती आपली मनात म्हणाली, कोणाचं आहे कोण जाणे, नीट ठेवावं. तिनं पत्र घडी करून पाकिटात सरकवलं आणि चकल्या तळायला निघून गेली.

नंदकुमार परात घेऊन आला. त्यानं पाकीट उचललं, पाण्यात सोडलं आणि चिमटा शोधायला माडीवर गेला. चिमटा सापडायला पंधरा मिनिटं लागली.

मधल्या काळात कमल पुन्हा बाहेर डोकावली. परातीत निळं पाणी! "अगंबाई, यांनी स्वतःहून नीळ कालवली? दिवाळीला तरी सुधारले म्हणायचे!" असं म्हणून तिनं नवऱ्याची पांढरी टोपी त्यात चांगली दोनदा बुचकळली.

मग जो आरडाओरडा झाला, तो चौकापर्यंत ऐकू गेला.

"अगं, पत्र होतं त्यात!"

"मग पाण्यात कोणी टाकलं? मी?"

"आत कोणी घातलं?"

"पत्र पाकिटात घालायचं नाही तर काय लोणच्यात घालायचं?"

सुरेश धावत आला तेव्हा अध्यक्ष डोक्यावर निळी टोपी घालून चुलीपुढे बसले होते आणि तव्यावर पत्र शेकत होते. ओली टोपी का घातली, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

"अरे यार नंदू, ये क्या हाल बना लिया!"

"पत्ता गेला रे सुरेश! खाली इंग्रजीत होता, सगळा गेला! म्हातारीला काय तोंड दाखवू?"

दोघांनी कागद उजेडात धरला. निळ्या चिखलातून चार शब्द कसेबसे वर आले होते. सुरेशनं डोळे बारीक करून वाचले. "पाय..." मग बरीच शाई. "दवाखान्यात..." पुन्हा शाई. "लाकडी..." आणि शेवटाला, "आता दुसरा..."

सुरेशनं कागद पुन्हा तव्यावर ठेवला.

"पाय गेला रे पोराचा," सुरेश हळूच म्हणाला. "लाकडी बसवला."

"आणि आता दुसरा?"

"दुसराही जाणार असेल."

त्या माउलीला वाचता येत नव्हतं. म्हणजे तिला काहीच ठाऊक नाही! ती तिकडे बाजारात पणत्या घेत असेल, आणि इकडे तिच्या पोराचं दुःख आपण तिकिटापायी परातीत बुडवलं! त्याला स्वतःची इतकी शरम कधीच वाटली नव्हती. तो खरोखर रडकुंडीला आला.

गोदाबाई परत आली ती हसतच. येताना केळी घेऊन आली होती. सुरेशनं धावत जाऊन खुर्ची दिली, कमलनं पाणी दिलं, नंदकुमारनं पंखा घेतला आणि तो वारा घालू लागला. तेही कार्तिकातल्या थंडीच्या तोंडावर!

"काहून बापा, मी काय नवरी हाओ?" गोदाबाई म्हणाली. "अन् भाऊ, तुमचं डोस्कं निळं कायनं झालं?"

"मावशी," सुरेशनं घसा साफ केला, "आजकाल लाकडी पाय फार चांगले मिळतात बरं का. विलायती! माणूस नाचूबी शकतो."

"कोनाले बसवाचा हाये?"

मग नंदकुमारनं एका दमात सगळं सांगून टाकलं. तिकीट, परात, टोपी, तवा आणि पाय. शेवटी त्यानं हात जोडले. "मावशी, मला माफ करा. तुमच्या उखर्डूचा पाय..."

गोदाबाईनं पदर तोंडाला लावला. रडतेय असं वाटलं, पण तिचे खांदे हलत होते ते हसण्यानं!

"अहो भाऊ, थो पाय माह्या हाये! निंबोल्याच्या मास्तरनं मले पाच डाव वाचून देल्लं, सारं तोंडपाठ हाये. आयका! 'आई, मी जालन्याले खुशाल हाओ. तुह्या पाय कसा हाये? दवाखान्यात दाखव. खाली बसू नको, लाकडी पाटावर बसत जाय. आता दुसरा कोनता वैद करू नको.' झालं! एवढंच हाये."

सुरेश मटकन खालीच बसला. नंदकुमारला हसावं की तिच्या पाया पडावं ते कळेना. त्यानं पाया पडणं पसंत केलं.

"अन् पत्ता, मावशी?" कमलनं विचारलं.

इथे मात्र गोदाबाईचं हसू मावळलं. पत्ता इंग्रजीत, म्हणून मास्तरांनी तो वाचून दाखवलाच नव्हता. मास्तर सुटीवर गावी गेलेले. तिनं डब्यावर हात ठेवला. "लढाई लागली तवापासून मी रोज दिवा लावला. म्हनलं, खुशाली आली की पोराले करंज्या धाडीन."

शेवटी तिलाच सुचलं.

"नाव घाला. पुरे हाये. याच्या आंधी माह्ये दोन लेकरं गेले, तवा नजर लागू नये म्हनून याले उकिरड्यावर लोळवला अन् उखर्डू नाव ठेवलं. एवढ्या मोठ्या फौजेत उखर्डू नावाचा दुसरा कोन राहीन?"

"निंबोला तरी लिहू," नंदकुमार म्हणाला.

"पागल झाला काय?" सुरेश ओरडला. "निंबोला लिहिलंस तर डबा फिरून निंबोल्यालाच येईल!"

हे दोघांनाही पटलं, म्हणजे पाहा! डबा नव्या कापडात शिवला गेला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं: 'उखर्डू, हिंदी लष्कर, जालना.' आत मंडळाचं कार्ड होतं. त्यावर नंदकुमारनं बरंच काही अलंकारिक लिहून खोडलं आणि शेवटी एवढंच ठेवलं: 'निंबोल्याच्या गोदाबाईंच्या उखर्डूस. तुम्ही घरापासून लांब उभे आहात म्हणून आम्ही घरात दिवे लावतो आहोत. आभारी आहोत. दिवाळीच्या शुभेच्छा.'

तुळशीचं लग्न झालं, तरी उत्तर नाही. नंदकुमार रोज टपालवाल्याला विचारी, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो तिकिटासाठी विचारत नव्हता. मग एक दिवस मंडळाच्या पत्त्यावर गोदाबाईच्या नावाचं पाकीट आलं. त्यानं ते न उघडता शर्टाच्या आत घातलं आणि निंबोल्याला जाणाऱ्या पहिल्या बैलगाडीत उडी मारली.

गोदाबाईच्या ओसरीवर बसून तो वाचू लागला.

"'गोदाबाईंस साष्टांग नमस्कार. मी उखर्डू, पण तुमचा नाही. मी मलकापूरकडचा.'"

"अरे द्येवा!" गोदाबाई म्हणाली. "अजून एक हाये!"

"'टपालवाल्यानं नाव वाचलं आणि डबा माझ्या हातात दिला. दोन वर्षं झाली फौजेत, मला कधी डबा आला नव्हता. कारण मला आई नाही. म्हणून कोणाचा, काय, न पाहता आधी चार करंज्या खाल्ल्या. मग कार्ड वाचलं आणि लाज वाटली. सगळ्या पलटणींत शोधलं. तुमचा उखर्डू सापडला. धडधाकट आहे. त्याला डबा दिला, तर त्यानं अर्धा मला परत दिला. कार्डही दोघांनी वाचलं. आमचे आजवर कोणी आभार मानले नव्हते, म्हणून त्याचं उत्तर कसं लिहायचं ते समजत नाही. चार करंज्यांची माफी असावी.'"

नंदकुमारनं पत्र घडी करून तिच्या हातात दिलं. गोदाबाईनं डोळे पुसले आणि पाट ओढून त्यावर बसली.

"घ्या भाऊ, कागद घ्या. लिवा. चिरंजीव उखर्डू अन् चिरंजीव उखर्डू यांले आईचा आशीर्वाद."

नंदकुमारनं टाक बुडवला आणि थांबला. "मावशी, आधी कोणता उखर्डू?"

"मोठा आंधी."

"मोठा कोणता?"

"थे त्याहीलेच इचारा! मले काय मालूम, मले दुसरा आत्ताच झाला!"