रांजणभर आवाज

प्रज्ञेशनं एवढंच ठरवलं होतं, की मेहुणीच्या साखरपुड्याला भाड्याचा माईक आणायचा नाही. (माणसाची वाट लागायला एवढं पुरतं.) हिंगोलीतल्या एका कचेरीत तो कारकून. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यानं विंडोज काढून फुकटातलं लिनक्स घातलं होतं. गाणी, माईक, सगळं त्यावरूनच वाजवतो, असा शब्द तो डोंगरकडा गावच्या सासऱ्यांना, कानानं अधू असलेल्या सोनाजींना, देऊन बसला. वास्तविक जावयानं मांडवात गादीवर बसायचं, वायरी ओढायच्या नसतात. पण सासूबाई, सोजराबाई, त्याला अजून नुसतं ‘पल्लवीचा नवरा’ म्हणत. त्यांच्या तोंडून एकदा ‘जावईबापू’ ऐकायचं, एवढाच बिचाऱ्याचा हट्ट होता.

साखरपुड्याच्या सकाळी मांडवात गाणं लावलं, तर भोंग्यातून लाह्या फुटू लागल्या.

“अहो, हे काहून तडतडून राहिलं?” पल्लवीनं विचारलं.

“बफर लहान हाय. आवाज आधी रांजणात भरतो, मग तोटीतून येतो. रांजण लहान असला की धार तुटते.”

“मग मोठा ठेवा की!”

त्यानं ठेवला. कॉम्प्युटरचा आवाज सांभाळणाऱ्या साउंड ड्रायव्हरनं ‘आता पुरे’ म्हणेपर्यंत वाढवत नेला. गाणी झकास वाजू लागली. (माईकवरचं बोलणंही आता रांजण भरेपर्यंत आत थांबणार, हे गाण्यांवरून कसं कळावं?)

भन्तेजींनी वंदना खणखणीत आवाजात, बिनमाईकचीच घेतली. अंगठ्या झाल्या. मग पंगतीचं सांगायला सोजराबाईंनी माईक हातात घेतला.

“मंडळी, जेवल्याबिगर जाऊ नका. माईक आमच्या जावईबापूनं लावला. लई गुणाचं लेकरू!”

भोंगा गप्प. सोजराबाईंनी माईकवर टिचकी मारली.

“बंदच हाय की गं, पल्लवे! ह्या बाबाला काई येत न्हाई. तुला तलाठी सांगून आलता, त्योच बरा व्हता!”

आणि भोंग्याला कंठ फुटला. ‘मंडळी, जेवल्याबिगर...’ ‘जावईबापू’ अख्ख्या गावानं ऐकलं. प्रज्ञेशची छाती फुगली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात रांजणात अजून काय शिल्लक आहे ते त्याला आठवलं, आणि त्यानं झेप घेतली. ओढायची होती भोंग्याची वायर, ओढली माईकची. आत शिरलेलं बोलणं त्यानं कसलं थांबतंय! तलाठ्यासकट सगळं शांतपणे, एकदम स्वच्छ आवाजात बाहेर आलं.

सोजराबाईंनी तोंडाला पदर लावला. मागच्या रांगेतून सोनाजी काठी टेकत आले आणि त्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला.

“जावईबापू, नंबर एक काम केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माईकवरचा शब्द न् शब्द ऐकू आला मला.”

प्रज्ञेशचा जीव भांड्यात पडला.

“आन पटला बी,” सोनाजी म्हणाले.