आपण फक्त चार-एकने हरलो

कुकरची शिट्टी झाली की पेठेकाका बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, "रेफ्रीची नाही! चालू द्या!"

लंडनजवळच्या ब्रॅकनेलमध्ये त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत होती, आणि तीही नावापुरतीच. त्यामुळे रविवारी सकाळी पलीकडची डाळ कुठवर शिजली हे मला अंथरुणातच कळायचं. त्यांची सून, मुलगा निखिलची बायको मेघना, शिट्ट्या मोजत असायची. काका ओरडले की तिची मोजणी चुके. मग वरण एकतर कच्चं राही, नाहीतर त्याची पेस्ट होई.  मेघना बिचारी मग भांडी जरा जोरात ठेवायची.

पहिल्या भेटीत काकांनीच मला या ओरड्याचा खुलासा केला. "तू पुण्याचा ना? मग तुला फुटबॉलमधलं काही कळत नसणार. बस." मी बसलो. हातात काळ्या, भरपूर साखरेच्या चहाचा कप आलेला होता, त्यामुळे उठून जायचीही सोय नव्हती.

"ब्याऐंशी सालचा वर्ल्ड कप. स्पेन. आपली मॅच फ्रान्सशी."

"भारताची?" मी विचारलं.

काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "भारत कुठे रे फुटबॉल खेळतो? आपली म्हणजे कुवेतची."

गोष्ट अशी होती. फ्रान्सचा हल्ला चालू असताना प्रेक्षकांतून कुणीतरी शिट्टी मारली. कुवेतच्या खेळाडूंना वाटलं, रेफ्रीने खेळ थांबवला. सगळे सभ्य माणसांसारखे जागच्या जागी उभे राहिले. फ्रान्सवाले सभ्य नव्हते, त्यांनी गोल केला. मग प्रेक्षकांत बसलेले कुवेतचे एक शेख पांढऱ्या झग्यात खाली मैदानावर उतरले. बोलाचाली झाली आणि रेफ्रीने दिलेला गोल परत घेतला.

"मग जिंकलात?"

"छे. चार-एकने हरलो. पण पाच-एकने नाही!" काकांनी मांडीवर थाप मारली. "रेफ्रीने दिलेला गोल परत घेतला, पुणेकर! जगात कुणाला जमलंय?"

हा विजय त्यांनी सगळ्या ब्रॅकनेलला ऐकवला होता. समोर राहणारा कीथ कुत्रा फिरवायला निघाला की काका कुंपणापाशी उभेच असायचे. त्याच स्पर्धेत इंग्लंडही कुवेतशी खेळलं होतं आणि कुवेत हरलं होतं. "यू बीट अस वन-निल. ओन्ली वन-निल!" हे ते कीथला हवामानावर बोलावं तसं रोज सांगायचे. कीथला असली काही मॅच झाल्याचं आठवत नव्हतं. शेवटी त्याने कुत्र्याचा रस्ता बदलला.

त्या एका स्पर्धेनंतर कुवेत पुन्हा कधी वर्ल्ड कपला गेलं नव्हतं. काकांचं त्यावाचून काही अडलं नाही. चेकोस्लोव्हाकियाशी एक बरोबरी, दोन पराभव आणि परत घेतलेला एक गोल, एवढ्या भांडवलावर त्यांचा संसार मजेत चालला होता.

एकदा गल्फ कपची मॅच बघायची म्हणून त्यांनी मला गाडी काढायला लावली. "एजवेअरला चल. तिथे अरबांची हॉटेलं आहेत, मोठे टीव्ही आहेत." आम्ही एजवेअरला पोचलो. तिथे पटेल होते, शहा होते, फाफडा होता, जलेबी होती. अरब औषधालाही नव्हता. अरबांची हॉटेलं असतात ती एजवेअर रोडवर, म्हणजे पार मध्य लंडनमध्ये. मी चिडलो. म्हटलं, "काका, तुम्ही कल्याणचे. जन्म आग्रा रोडवर गेला तुमचा. आग्रा रोडला राहतो म्हणजे आग्र्याला राहतो का माणूस?" काका शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे तुझं. फाफडा घे." मॅच संपेपर्यंत आम्ही फाफडा खाल्ला. घरी येऊन कळलं, कुवेत हरलं होतं. "बरं झालं," काका म्हणाले, "आपण हरलेलं बघवत नाही मला."

मला खटकायचा तो हा 'आपण'. आपल्या मराठी माणसांकडे या बाबतीत दोन शब्द आहेत आणि आपण ते जपून वापरतो. समोरच्याला धरून बोलायचं तर आपण, त्याला वगळायचं तर आम्ही. काकांनी मला न विचारता कुवेतच्या 'आपण'मध्ये घातलं होतं. मेघनालाही घातलं होतं, कीथलाही घातलं असतं. एकदा मी विचारलंच, "काका, कुवेत तुमचं कसं हो? तुम्ही तिथे बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर. त्यांनी तुम्हाला कधी नागरिकत्व दिलं नाही, घरच्यांना आणू दिलं नाही. इराकी फौजा आल्या तेव्हा एक बॅग घेऊन बसने जॉर्डन गाठलंत. मग आपलं कशावरून?"

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "चेकोस्लोव्हाकियाच्या मॅचला मालकाचा टीव्ही बिघडला. म्हणून तो आमच्या मेसमध्ये आला. मी, मल्याळी कुक, दोन इजिप्शियन, एक पॅलेस्टिनी आणि मालक, सगळे एका सतरंजीवर. आपला गोल झाला आणि मालकाने मला मिठी मारली. काय अत्तर होतं रे त्याच्या अंगाला! दुसऱ्या दिवशी त्याने मला ओळखलं नाही, ते सोड."

मी सोडलं. पण त्यानंतर मी त्यांच्या 'आपण'ला हसलो नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात काका माझ्याकडे वजनाचा काटा मागायला आले. आमच्याकडे काटा मागतात तो बॅगेचं वजन करायला, हे जगजाहीर आहे.

"इंडिया ट्रिप?"

"ट्रिप नाही. कायमचाच जातो आता कल्याणला. निखिलला मँचेस्टरला नोकरी लागली ना. ते जातायत."

"आणि तुम्ही?"

"सई म्हणाली परवा. 'आजोबा, आम्ही मँचेस्टरला जाणार.' आम्ही म्हणाली. मराठी कळतं मला." काका काट्यावरची धूळ बाहीने पुसत राहिले. "तिचं काही चुकलं नाही रे. निखिल लहानाचा मोठा झाला तेव्हा मी तिकडे. वर्षातून महिनाभर यायचो, तर पोरगं पहिले आठ दिवस आईच्या मागे लपायचं. त्याची आई असती तर गोष्ट वेगळी होती. आता ती नाही. त्यांच्या 'आम्ही'त मी कुठून असणार? कल्याणचं घर आहेच की."

"निखिलशी बोललात?"

"काय बोलू? 'मला पण न्या' म्हणू?"

मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. ज्या माणसाने आख्खं कुवेत आपलं मानलं, त्याला स्वतःच्या मुलाच्या घरात 'मला पण न्या' म्हणता येत नव्हतं. पण भिंतीपलीकडच्या माणसाने यात काय करायचं असतं? मी काटा दिला.

दोन दिवसांनी तो परत आणायला गेलो. दार सईने उघडलं. सई निखिल-मेघनाची मुलगी, सात वर्षांची, जन्मापासून इथलीच. तिच्या हातात पत्त्यांचा कॅट होता.

"अंकल, आम्ही पत्ते खेळायचा?"

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

"ऑफकोर्स तू आणि मी! आजोबा बिझी आहे. तो बॅग भरतो."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोरीला 'we' येत होतं, आणि त्याचं मराठी तिने एकच पाठ केलं होतं. मी जिन्याखालून काकांना हाक मारली. ते बॅगेचा पट्टा हातात घेऊनच खाली आले.

"सई, मँचेस्टरचं काय सांगितलंस आजोबांना?"

"आम्ही मँचेस्टरला जाणार."

"आम्ही म्हणजे कोण?"

तिने बोटं मोजली. "मम्मा, बाबा, मी, आजोबा. तू नाही, सॉरी." मग आजोबांकडे वळून म्हणाली, "बाबाने तुझा रूम खाली घेतला. स्टेअर्स नको म्हणून. तुला नाही सांगितला?"

निखिलने सांगितलं नव्हतं. वडील बरोबर येणार ही काही वेगळी सांगायची गोष्ट असते, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. तोही पेठेच.

काकांनी पट्टा खुर्चीवर ठेवला. आवाज शक्य तितका करडा करून ते म्हणाले, "मग 'आपण' म्हणावं गं. 'आम्ही' म्हणजे ज्याच्याशी बोलतो त्याला सोडून बाकीचे."

सईने कपाळाला आठ्या घातल्या.

"पण मी तुला कशाला सोडणार, आजोबा?" ती म्हणाली. "मी तर तुझ्याशीच बोलत होता."

काका खुर्चीत बसले. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले, आणि ते पुसणं काही संपेना. सई तोवर तीन जणांना पत्ते वाटून मोकळी झाली.

"पुणेकर," काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "मँचेस्टरला थंडी इथल्यापेक्षा जास्त असते का रे?"