विराजच्या मोटारी, रेवतीचं मशीन

नव्या बायकोला वळण लावायला आवाज चढवावा लागत नाही, डोकं चालवावं लागतं, हे माझं लग्नाआधीपासूनचं ठाम मत. दुकानातल्या लग्न झालेल्या सगळ्यांना मी ते फुकट सांगितलेलं आहे. त्यांनी ऐकलं नाही, त्यांचं ते बघतील. मी मात्र लग्न झाल्या झाल्या करून बघितलं.

घोडेगावात सरूबाईंच्या चाळीत आमची एकच खोली, आणि खोलीला खिडकीही एकच. त्या खिडकीखाली माझं टेबल आणि टेबलावर पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी. मंचरच्या रिवाइंडिंगच्या दुकानातून उरलेलं काम मी घरी आणतो, आणि बारीक तार भरायला उजेड लागतो. बायको अक्षदा माहेराहून, निमगाव सावाहून आली ती शिलाई मशीन घेऊन. सुईत दोरा ओवायला तिलाही उजेड लागतो. पण जागा माझी आधीची होती, म्हणून मशीन पोत्यात गुंडाळून दाराआड उभं राहिलं.

"दिवाळीच्या आत मशीन खिडकीत बसलं नाय, तर मी ते घिऊन निमगावला जाईन," भाकरी थापता थापता अक्षदा म्हणाली. "मग तुमी आन तुमच्या मोटारी, राहा सुखानं."

रागानं बोलली असती तर मी मनावर घेतलं नसतं. पण भाकरीची कड कुठं चिरली नव्हती, त्यावरून मी ओळखलं की बाई ठरवून बोलतेय. मीही ठरवलं. बायको जाणार नाही आणि खिडकीही जाणार नाही.

ते दोन हजार पाच साल. 'दोन उंबरे' ही मालिका सुरू व्हायची वेळ आणि घोडेगावची लाईट जायची वेळ अगदी एक होती. मंचरला तेव्हा लाईट असायची. त्यामुळं मी मोटरसायकलवरून उतरलो की कंदिलाभोवती बसलेल्या चाळीतल्या बायका मला गाठायच्या.

"अमृत, आज रेवतीचं काय झालं रं?" एके दिवशी घरमालकीण सरूबाईंनी विचारलं.

दुकानासमोरच्या हॉटेलातल्या टीव्हीवर मी क्रिकेट बघत होतो. रेवती आणि विराज हे नवं जोडपं आहे, एवढंच मला माहीत. पण मला एकदम सुचलं आणि मी पायरीवर टेकलो.

"आज लई झालं," मी म्हणालो. "विराज मोठा इंजिनियर. खिडकीत त्याच्या मोटारी. रेवतीला तिथं शिलाई मशीन ठेवायचं व्हतं. पण नवऱ्याचं काम बघून तिला भरून आलं. तिनं आपल्या हातानं मशीन माळ्यावर टाकलं, आन ओझरच्या गणपतीला नवस बोलली."

"ओझरला येऊन गेली आन आपल्याला कळलं नाय," ठकूबाई हळहळल्या. त्या शेजारच्या खोलीतल्या.

"गुणाची पोर," सरूबाईंनी डोळ्याला पदर लावला. मी अक्षदाकडं बघितलं. ती तांदूळ निवडत होती.

दुसऱ्या दिवशी येऊन बघतो, तर बायका माझ्याकडं ढुंकूनही बघेनात.

"दुपारी पुन्ना दाखवत्यात ना," अक्षदा गोड आवाजात म्हणाली. "तवाबी हितं लाईट नसती, म्हणून मी मंचरला मैत्रिणीकडं जाऊन बघितलं. तुमी अर्ध्यातनंच उठला व्हता वाटतं. रेवतीनं मशीन टाकलं नाय काय. विराजनं टाकलं. ती भाकरी थापत व्हती तवा."

"मेला इंजिनियर," ठकूबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या.

मी मागं हटणारा नव्हतो. पुढच्या दिवशी रेवतीला विराजची माफी मागायला लावली. अक्षदानं दुपारच्या भागात तिला पिशवी भरायला लावली. मी विराजच्या आईला मध्ये घातलं. अक्षदानं त्या आईलाच सुनेच्या बाजूनं बोलायला लावलं, आणि चाळीतल्या झाडून सगळ्या सासवांना ते पटलं. तेव्हाच मला माझं काही खरं नाही हे कळायला हवं होतं.

सरूबाईंचे यजमान सयाजीराव एवढंच म्हणाले, "विराजचंबी काम हाय ना, बाई." त्या दिवसापासून त्यांचा घरचा चहा बंद झाला. ते स्टँडवर जाऊन चहा प्यायला लागले आणि मला म्हणाले, "अमृत, त्या विराजला काय ते लवकर आवरतं घ्यायला सांग."

दिवाळी तोंडावर आली. दुपारच्या भागात रेवती निमगावच्या वाटेवरच्या नारायणगावच्या एसटीत बसली. बंगल्यात राहणारी बाई एसटीनं कशी जाते, असं एकीनंही विचारलं नाही. मग मी हुकमी पान काढायचं ठरवलं. विराजला दवाखान्यात टाकायचं आणि रेवतीला धावत परत आणायचं. मंचरपासून घोडेगावपर्यंत मोटरसायकलवर मी त्याची तालीम केली. एका वळणावर मला स्वतःलाच रडू आलं.

चाळीत पोचलो, तर लाईट होती. लाईट जायचं वेळापत्रक बदललं होतं. सगळ्या बायका सरूबाईंच्या टीव्हीपुढं बसल्या होत्या. पडद्यावर रेवती काळा कोट घालून कोर्टात उभी होती. विराज महिन्यापूर्वीच विमान अपघातात गेला होता.

"अमृत, हिकडं ये," सरूबाई म्हणाल्या. "हिच्या घरात मशीनबी नाय आन मोटारीबी नाय. तुमी दोघं आमाला काय सांगत व्हता रं?"

मी तोंड फिरवलं. आमच्या दारात अक्षदा उभी होती. शेजारी मशीन सुंभानं बांधून तयार होतं आणि वर पिशवी ठेवलेली. ती खरंच निघाली होती. ती गेल्यावर त्या खोलीत उजेड घेऊन मी करणार काय होतो?

तेवढ्यात ठकूबाई उठल्या आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

"ही रेवती आपली न्हवं," त्या म्हणाल्या. "आपल्या रेवतीचं सांग. गेली का ती?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. दवाखान्याचं सगळं तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं.

"नाय गेली," मी म्हणालो. "विराजनं टेबल रिकामं केलं."

"कधी?" दारातून अक्षदानं विचारलं.

"आत्ता करतोय."

"मग उभा काय हायस?" म्हणत सरूबाई उठल्या आणि अख्खी चाळ आमच्या खोलीत शिरली. मोटारी माझ्याच खाटेखाली गेल्या. सयाजीरावांनीही दोन उचलल्या आणि त्यांचा चहा सुरू झाला. अक्षदा खिडकीत मशीनपाशी बसली, चाक फिरवून बघितलं आणि माझ्याकडं बघून हसली. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता लाईट असली तरी बायका टीव्ही लावत नाहीत. आमच्याच दारात बसतात आणि पुढचा भाग अक्षदा सांगते. काल विराज भाकरी थापायला शिकला. मीही रोज कान देऊन ऐकतो, कारण उद्या मला काय करायचंय, ते मला तिथंच कळतं.