चांगुणाबाई कलालिणीच्या कडू पेल्याची बखर

जिव्हादेवी प्रसन्न. जिचे कृपेने मुक्यास बोल आणि भुकेल्यास चव, तीस नमन करोन शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, चैत्र शुद्ध प्रतिपदेस राज्यात जे वर्तले ते जैसे देखिले तैसे लिहितो. पदरचे मीठ घातले नाही. गूळ तर नाहीच नाही.

राज्य सुखी होते. आईसाहेब गादीवर होत्या आणि प्रजेस पाणी, पीठ आणि हसू पुरत होते. त्या राज्यी ऐसा दंडक होता की, कोणी नवे पेय आंबविले तर ते पाडव्याचे दिवशी तिसरे प्रहरी सदरेवर पारखीस आणावे, आणि तिघां पारख्यांनी पेला रिता करोन परत दिला तर पेय पसंत, भरला परत दिला तर नापसंत. आणि एकच पेय तीन साल भरले परतले तर करणाराचा तांब्याचा हंडा चव्हाट्यावर पालथा घालावा, मग त्या घरी पुन्हा त्या कामास चूल पेटू नये.

ऐशा राज्यात चांगुणाबाई कलालीण राहात होती. सासऱ्याचे हातचा हंडा तिजकडे आला होता आणि तिने त्यात इंडिया पेल एल नामे बिअर सिद्ध केली होती. तिची कृती ऐसी की, जवास मोड आणोन ते भाजावे, उकळोन रस काढावा, आणि रसात हॉप नामे वेलीची हिरवी फुले ओंजळी ओंजळीने सोडोन तो आंबवावा. फुले कडू, परंतु वास ऐसा की पपनसाची साल नुकती सोलली आहे आणि शेजारी कोणी कैरीचा देठ मोडला आहे. मागे पिंपे गलबतात घालोन मास मास समुद्रावर डुलत, तेव्हा पेय नासू नये म्हणोन हीच फुले मूठभर अधिक टाकीत. तो कडूपणा मग लोकांचे जिभेवर राहिला. हंडा ढवळिता चांगुणाबाई ओवी म्हणे:

कडू कारल्याचा वेल, मांडवी चढू द्यावा
कडू बोलाच्या माऊलीचा, जन्म ग पुरू द्यावा

परंतु दोन साल पेला भरला परतला होता. तिसरे साल आले, तेव्हा धाकटा दीर केरबा हंड्यापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, ऐका माझे. गुळाच्या दोन ढेपा टाका. कोणास कळत नाही. हंडा तरी वाचेल."

बाई म्हणाली, "भावजी, हंडा वाचेल आणि आतले मरेल. मग हंड्यात काय, न्हाणीचे पाणी तापवू?"

"तापवा की! पालथ्या हंड्यात तेही तापत नाही."

यावर बाई हसली, परंतु डोळे पुसले, आणि गूळ टाकिला नाही. मागील दोन साली पेले हुजऱ्यांचे हाती आत गेले होते. या खेपेस तिने आईसाहेबांस अर्ज केला जे, हंडा जाणारच आहे तर पेला माझे हाताने आत जाऊ द्यावा. अर्ज मंजूर जाहला.

मग पाडवा उजाडला, गुढ्या उभ्या राहिल्या, घरोघरी पाने वाढली गेली, आणि तिसरे प्रहरी सदर भरली. मुख्य पारखे भास्करपंत, दुसरे हैबतराव ढमाले, तिसऱ्या यमूताई वैद्य. चांगुणाबाईने पेले पुढे ठेविले. भास्करपंतांनी घोट घेतला आणि मुख ऐसे केले की जैसे कोणी वंशावळ काढली. यमूताई बोलिल्या, "अगबाई, हा तर गुळवेलीचा काढा! ताप कोणास आला आहे?" हैबतरावांनी डोळे मिटले होते, ते चवीने की झोपेने, हे कळले नाही. आणि भास्करपंतांनी भरला पेला परत देण्यास हात पुढे केला.

तेव्हा चांगुणाबाईने तो हात पाहिला आणि हातावरोन नजर मिशीवर गेली, तो मिशीस केशर लागले होते. तिने पेला घेतला नाही. म्हणाली, "पंत, श्रीखंड किती वाट्या जाहले?"

पंत म्हणाले, "हा काय प्रश्न? सणाचा दिवस. चार."

"आणि सकाळचा कडुलिंब?"

"दातांस लाविला."

हैबतराव डोळे न उघडता बोलिले, "मी तर तुळशीमागे टाकितो. दरसालचे आहे ते."

बाई हात जोडोन म्हणाली, "आईसाहेब, दोन साल माझे पेय कडू म्हणोन परतले नाही, जिभांवर साखर बसली होती म्हणोन परतले. एक वेळ जिभा धुवू द्याव्या."

भास्करपंत तापले. "पारखीमध्ये पारख्यांस खाऊ घालणे हा दंडक नाही!"

आईसाहेब म्हणाल्या, "आणि श्रीखंड कोणत्या दंडकाने खाल्ले?" सदर हसली, आणि पंतांची मान खाली गेली.

मग चांगुणाबाईने गुढीच्या कडुलिंबाची कोवळी पाने तिघांचे हाती दिली आणि त्यांनी ती चावली, आणि राज्याचे पारखे लहान लेकरांसारखे तोंडे वाकडी करू लागले. पंत म्हणाले, "युक्ती कळली, बाई. लिंबावर तर खळही गोड लागेल."

बाई म्हणाली, "म्हणोनच घाई करू नका. आता कोमट पाण्याच्या चुळा भरा, कोरडे चुरमुरे चावा, पुन्हा पाणी प्या, आणि चार घटका बसा. मला लिंबाची साक्ष नको, पंत. तुमची पाहिजे."

हे बोलणे पंतांचे मनास लागले. चुळा भरल्या, चुरमुरे चावले, आणि चार घटका सदर बसोन राहिली. मग नवे पेले भरले, आणि बाईने विनविले की आधी हुंगावे. पंतांनी उजेडाकडे धरिला, तो रंग कोवळ्या उन्हातल्या मधाचा आणि फेस धारोष्ण दुधाचा. हुंगिला आणि डोळे मोठे जाहले. घोट घेतला. कडूपणा आला, ताठ आला, परंतु एकला आला नाही. मागोन भाजल्या जवाची पोळीसारखी गोडी आली आणि शेवटी पपनसाचा सुगंध नाकात रेंगाळला. पंतांनी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, आणि पेला उपडा धरिला तो थेंब पडला नाही. यमूताईंचाही रिता. हैबतराव पूर्ण जागे जाहले आणि म्हणाले, "पहिली पारख नीट जमली नाही. आणिक एक द्या."

पंत उठले आणि भर सदरेत म्हणाले, "बाई, दोन साल पेय खरे होते, पारखे खोटे होते. पसंत!" तेव्हा नौबत झडली, केरबाने पागोटे आभाळात फेकिले, आणि चांगुणाबाई खाली बसोन पदरात तोंड घालोन रडली, ते रडणे नौबतीहोन गोड.

आईसाहेबांनी विचारिले, "काय देऊ?" ती म्हणाली, "पारख उपाशीपोटी करावी." आईसाहेब म्हणाल्या, "श्रीखंड आमच्याने सुटणार नाही. पारख सूर्योदयी करू."

सारांश: इंडिया पेल एल राज्यात स्थापित जाहली, हंडा उताणाच राहिला आणि चूल पेटती राहिली. कडू होते ते कडूच आहे. जीभ तेवढी शहाणी जाहली. इति लेखनविराम.