सत्त्याण्णव फेऱ्या

तिकिटाला कंडक्टरनं पाडलेलं भोक नेमकं मधोमध नव्हतं. डाव्या कडेकडे दोन सूत सरकलेलं होतं. वच्छलेनं ते तिकीट वनस्पतींचे नमुने लावायच्या जुन्या वहीत, आधीच्या शहाण्णव तिकिटांच्या शेजारी, डिंकानं चिकटवलं.

ती अमरावतीला मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची. नवरा गोवर्धन अकोल्याच्या कचेरीत कारकून. दर शनिवारी संध्याकाळी तो देवरावांच्या प्रवासी मोटरनं यायचा, रविवारी परत जायचा. एकोणसाठ साली देवरावांनी जाहीर केलं, की जो शंभर फेऱ्या करील त्याला नागपूर ते मुंबई विमानाची दोन तिकिटं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. हेडक्लार्क भगवंतरावांनी अमरावतीच्या बदलीचं दोनदा विचारलं. एकदा साठ फेऱ्या झाल्या होत्या, एकदा ऐंशी. दोन्ही वेळा गोवर्धन विचार करून सांगतो म्हणाला. बदली झाली तर फेऱ्या कुठून होणार? शेजारच्या माणिकबाई त्याला आता पाहुणेच म्हणत.

सत्त्याण्णवाव्या फेरीनंतरच्या सोमवारी मोटर स्टँडवर नवा कागद लागला. शनिवार-रविवारच्या फेऱ्या यापुढे धरणार नाहीत, मागच्याही नाहीत. गोवर्धन भांडायला गेला. देवराव सुपारी कातरत होते.

"शनवारी गाडी तशीबी भरते, बाबू," ते शांतपणे म्हणाले. "रिकाम्या गाडीत बसते त्यालेच इनाम."

गोवर्धनला हे पटलं, हीच पंचाईत झाली. त्यानं भगवंतरावांकडे मंगळवारची सुट्टी मागितली आणि बदल्यात रविवारी कचेरीत बसायचं कबूल केलं. आता तो मंगळवारी अकराला अमरावतीत उतरे, तेव्हा वच्छला शाळेत. ती पाचला घरी येई; त्याची मोटर साडेतीनला. किल्ली एकच, ती वच्छलेकडे; कुलूपबंद दारापुढे ओट्यावर बसून तो डबा खाई, तिकीट कडीत खोचून ठेवी आणि निघून जाई. तो कसा दिसत होता, ते वच्छलेला माणिकबाईंकडून कळे.

"वाळून राहिले पाहुणे," एकदा त्या म्हणाल्या.

चौथ्या मंगळवारी वच्छलेनं रजा घेतली. दार उघडं पाहून गोवर्धन बिचकलाच. अडीचच्या सुमारास जेवायला बसल्यावर त्यानं सांगितलं, की भगवंतरावांनी तिसऱ्यांदा विचारलंय. उद्या उत्तर दिलं नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. फेऱ्या मात्र आता शंभरातल्या शहाण्णवच उरल्यात.

वच्छलेचा वाढता हात थांबला. "मले विमानात बसायचंच नव्हतं कधी," ती म्हणाली. "लय भेव वाटते. तुमाले हौस हाये, म्हणून बोलली नाही."

गोवर्धननं हातातला घास पुन्हा ताटात ठेवला.

"मलेबी नव्हतं," तो म्हणाला. "मले वाटलं, तुले हौस हाये."

दोघांपैकी कुणालाच हसू आलं नाही. वरणावर साय धरली. साडेतीन केव्हाच वाजून गेले होते. गोवर्धननं उठून हात धुतला, पंच्याला पुसला आणि दाराकडे न जाता पुन्हा पाटावर येऊन बसला.

"सकाळच्या मोटरनं जातो, कचेरीत उशीर झाला तर होऊ दे," तो म्हणाला. "भगवंतरावले सांगतो, बदली घेतो मी."