नाही आलात तरी चालेल

कोणतीही संस्था सक्तीवर चालत नाही. कोणती सक्ती खरी आणि कोणती नुसती छापील, हे ओळखणाऱ्यांवर चालते. आमच्या मोजणी कार्यालयात ही विद्या पूर्णत्वाला पोहोचली आहे, हे सांगताना ऊर भरून येतो.

सूचनाफलकावर 'कंपल्सरी' हा शब्द महिन्यातून सरासरी तेवीस वेळा येतो. नुसतं 'कंपल्सरी' म्हणजे जमलं तर बघा. (आग विझवण्याचं प्रशिक्षण. हजर : नऊ. पैकी चार चुकून.) 'सर्वांना कंपल्सरी' म्हणजे साहेब सोडून सर्वांना. 'अत्यंत कंपल्सरी' म्हणजे मागच्या वेळी कुणीही फिरकलं नव्हतं. गळ्यात ओळखपत्र घालणं गेली अकरा वर्षं 'तात्काळ कंपल्सरी' आहे. आणि 'ऐच्छिक, नाही आलात तरी चालेल' असं लिहिलं असेल, तर अंगात ताप असला तरी यावं लागतं.

नवख्यांची पंचाईत होऊ नये म्हणून शिपायाने सोय केली आहे. कंपल्सरी कार्यक्रमाला तो दहा खुर्च्या मांडतो. ऐच्छिकला एकसष्ट, म्हणजे माणशी एक, आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीला नावाची चिठ्ठी.

गेल्या महिन्यात साहेबांचं 'आनंदी कर्मचारी' या विषयावर ऐच्छिक व्याख्यान झालं. शनिवारी. साठ खुर्च्या भरल्या. रिकामी राहिली ती नकाशे सांभाळणाऱ्या कारकुनाची, आणि त्याच्याच बढतीचा कागद त्या आठवड्यात साहेबांच्या सहीसाठी टेबलावर होता.

सोमवारी त्याला विचारणा गेली : 'आपण स्वेच्छेने का उपस्थित राहिला नाहीत?' त्याचा खुलासा मीच फायलीला लावला, म्हणून जसाच्या तसा देतो.

'त्याच वेळी माझ्या मुलीची पोहण्याची शर्यत होती. सकाळी डबा भरताना ती म्हणाली, "बाबा, ऑफिस असेल तर राहू द्या. नाही आलात तरी चालेल." या कार्यालयातील चौदा वर्षांच्या अनुभवामुळे मला वाक्याचा अर्थ लगेच समजला. तिथे गेल्यावर खात्रीही पटली. तिने दप्तर ठेवून माझ्यासाठी खुर्ची धरली होती.'

साहेबांनी त्याला आत बोलावलं. मी फाईल धरून उभा होतो.

"कितवी आली?"

"सहावी, साहेब. सहाच जणी होत्या."

"आणि वेळ किती लागला?"

"मिनिटभर."

"मिनिटभरासाठी बढती घालवलीत?"

"पाण्यातून डोकं वर काढल्याबरोबर तिने आधी खुर्चीकडे बघितलं, साहेब."

खुलासा बिनतोड होता, त्यामुळे बढती अडली. (बिनतोड खुलाशांबाबत आमच्याकडे हीच पद्धत आहे.) खाली येताना तो मात्र शीळ घालत होता, जे कार्यालयात सक्त मना आहे.

मी व्याख्यानाला पहिल्या रांगेत होतो. त्या दिवशी माझ्याही घरी कुणीतरी 'नाही आलात तरी चालेल' म्हणालं होतं, ते मी शब्दशः घेतलं. तुम्हालाही अलीकडे कुणीतरी तसं म्हणालं असेलच. त्याशिवाय का तुम्ही आत्ता इतके निवांत वाचत बसलात?